पाचव्या माळेची गोष्ट

नवरात्रात आमच्याकडे देव बसतात. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक विड्याच्या पानावर ठेवायचे, पत्रावळीत काळी माती पसरून त्यात गहू पेरायचे, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट, वर नारळ, बाजूला नंदादीप. झालं, देव बसले. आता दसऱ्यापर्यंत त्यांनी हलायचं नाही. आणि त्यांना बसवणारी बाई मात्र नऊ दिवस उभी. तेल घाल, माळ चढव, मातीला पाणी शिंपड, आरतीचं ताट कर, आणि हे सगळं भगर नि शेंगदाण्याच्या आमटीवर. तरी म्हणायचं काय, तर 'ही घटी बसलीय'. बसलीय! मला तर नऊ दिवसांत धड पाठ टेकायला मिळत नाही.

सासूबाई गेल्यापासून हे घट माझ्या हातात आले. त्याचे तीन नियम त्यांनी मला लग्न झाल्या झाल्या पाठ करून घेतले होते. दिवा विझता कामा नये. घराला कुलूप लागता कामा नये. आणि घटाच्या बाईने शीव ओलांडता कामा नये. शीव म्हणजे पूर्वी गावाची हद्द. आता नाशिक एवढं पसरलंय की हद्द नेमकी कुठे हे महापालिकेलाही पटकन सांगता येणार नाही. पण आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ती पक्की ठाऊक होती. कॉलनीच्या कमानीपाशी ती संपायची. पलीकडच्या किराणा दुकानातून गूळ आणायचा झाला तरी नवरात्रात हेच जायचे. हे म्हणजे माझे यजमान, अंबडला एका कारखान्यात नोकरीला.

मी घरी ब्लाऊज शिवते. माहेर येवल्याचं, वडील विणकर. त्यामुळे पैठणीवरचं ब्लाऊज माझ्याकडेच टाकायचं असं आमच्या सिडकोतल्या चार गल्ल्यांत ठरून गेलंय. नवरात्र म्हणजे ऐन सीझन. नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या नेसायचं खूळ निघाल्यापासून तर विचारूच नका. आज पिवळा, उद्या हिरवा, परवा राखाडी. बायका कापड घेऊन यायच्या, दारातूनच दिव्याला हात जोडायच्या आणि म्हणायच्या, "किती भाग्यवान हो तुम्ही, घरात आई बसलीय!" आमच्यात कुलदेवीला नुसतं आई म्हणतात. मी मान डोलवायची आणि छातीचं माप घ्यायची.

तर हे झालं देवीचं. आता माझ्या आईचं सांगते.

माझी आईसुद्धा येवल्याला घटी बसायची. मला लहानपणचा एक दसरा लख्ख आठवतो. दुपारी घट उठले होते, आईने गव्हाचे पिवळे कोंब अंबाड्यात खोवले होते. वडिलांनी तिच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि काहीतरी हळू आवाजात सांगितलं. आई तशीच मागाशेजारी खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. पान मुठीत घट्ट. थोड्या वेळाने वडील तिला एसटीने नांदगावला घेऊन गेले, तिच्या माहेरी. आम्ही भावंडं शेजारणीकडे जेवलो. शेजारीण काही बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही. माझी आपली समजूत अशी, की देवी उठून गेली म्हणून आई रडली. केवढी भक्ती! मी तर तेव्हापासून खेळातसुद्धा घट उठले की मुठीत पान धरून भोकाड पसरायची, आणि भाऊ हसून हसून लोळायचा. आई आमच्याकडे बघत राहायची, एकदाही रागावली नाही.

मग आठ वर्षांपूर्वी, असंच नवरात्र चालू असताना, तिसऱ्या माळेला भावाचा फोन आला. आमच्याकडे नवरात्राचे दिवस तारखेने मोजत नाहीत, माळेने मोजतात. रोज घटावर एक फुलांची माळ चढते ना, म्हणून. भाऊ म्हणाला, "आईचं काय खरं नाय. दवाखान्यातून घरी आणलंय. डोळे उघडती, दाराकडं बघती. तू एकदा येऊन जा."

मी फोन ठेवला आणि सरळ अण्णांसमोर जाऊन उभी राहिले. अण्णा वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. सासूबाई गेल्यावर स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायचे, माझ्या उपासासाठी दुपारभर बसून शेंगा सोलायचे. मी म्हटलं, "अण्णा, आईचं जास्त झालंय. सकाळच्या गाडीने जाते, संध्याकाळी परत. दिव्यात तेल घालून जाते, तुम्ही फक्त लक्ष ठेवा."

अण्णांनी शेंगा सोलायचं थांबवलं. "आई घरात बसलीय," ते म्हणाले. "आईला सोडून कुठे निघालीस?"

मला क्षणभर कळेना, ते कुठल्या आईबद्दल बोलतायत.

संध्याकाळी यांनाही विचारलं. हे बूट काढता काढता म्हणाले, "दसऱ्याला जाऊ ना. गाडी करून जाऊ, ऐसपैस. सहा-सात दिवसांचा तर प्रश्न आहे. आणि मध्येच काही कमीजास्त झालं, तर घटांचं काय करायचं?"

खरं सांगते, मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. बसस्टँडपर्यंत रिक्षा मिळत होती, येवल्याच्या गाड्या दर तासाला होत्या. मी गेले नाही. का गेले नाही, याचा विचार करकरून माझं डोकं अजून फिरतं. भीती होती का? होती. सासूबाईंनी एका भावकीतल्या बाईची हकिकत सांगून ठेवली होती. तिने घट बसलेले असताना शीव ओलांडली आणि वर्षाच्या आत तिचं पोर गेलं म्हणे. माझी एकुलती लेक तेव्हा पुण्याला होस्टेलवर. मी मनाने शंभर वेळा येवल्याला गेले आणि शंभर वेळा ती हकिकत आठवून कमानीवरून परत आले. दिवसभर मशीन चालवायची, उठून वात सारखी करायची, पुन्हा मशीन. खिडकीतून कमान दिसायची. तिच्यावर त्या वर्षी मंडळाचा बोर्ड होता, स्त्रीशक्तीचा जागर असं काहीतरी लिहिलेला. डोंबलाचा जागर!

पाचव्या माळेला आरती झाली की अण्णा कुलदेवीची गोष्ट सांगायचे. दरवर्षी तीच, तेच शब्द. शेजारपाजारचे चार लोक यायचे. आमच्या देवीला धड नाही, नुसतं शेंदूर माखलेलं मोठं तोंड. ते तसं का, याची ती गोष्ट. देवी एका ऋषीची बायको. एवढी पतिव्रता, की रोज कच्च्या मातीच्या घड्यातून नदीचं पाणी आणायची आणि घडा विरघळायचा नाही. एके दिवशी नदीत कुणी राजा आपल्या बायकांबरोबर जलक्रीडा करत होता, तो तिला दिसला. दिसला म्हणजे, तिने क्षणभर पाहिला. तेवढ्यात घडा फुटला. ओल्या अंगाने, रिकाम्या हाताने घरी आली. ऋषींनी ओळखलं. मुलांना म्हणाले, मारा हिला. थोरले ऐकेनात, त्यांना शाप देऊन दगडासारखं करून टाकलं. धाकट्याने मात्र परशू उचलला आणि एका घावात आईचं शीर उडवलं. ऋषी प्रसन्न झाले. माग वर, म्हणाले. धाकट्याने मागितलं, आई जिवंत होऊ दे. झाली.

इथे सगळे हात जोडायचे. मीसुद्धा बावीस वर्षं जोडत आले होते. पण त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. उपासाने म्हणा, आईच्या काळजीने म्हणा, तोंडातून निघून गेलं, "अण्णा, उठल्यावर ती काय म्हणाली?"

"कोण?"

"देवी. उठल्यावर पहिल्यांदा काय बोलली ती? समोर तर दोघंही उभे असतील, नवरा आणि मुलगा."

शेजारच्या काकू पदर तोंडाला लावून हसल्या. अण्णांना मात्र प्रश्न आवडला. गोष्टीत कुणी रस घेतला की ते खुलायचे. म्हणाले, "तीच तर गंमत आहे. पोरगा किती हुशार बघ. त्याने वर मागताना आणखी एक गोष्ट मागून घेतली होती. आईला मारल्याचं तिला काही आठवू नये. त्यामुळे ती झोपेतून उठावी तशी उठली आणि घरकामाला लागली. आठवतच नाही म्हटल्यावर दोष कुणाला लागतोय?"

काकू म्हणाल्या, "वा!" मी प्रसाद वाटला. पण ते वाक्य माझ्या घशात भगरीच्या शितासारखं अडकून बसलं. आठवू नये, हे मागणं कुणाच्या सोयीचं होतं?

दुसऱ्या दिवशी, सहाव्या माळेला, सकाळीच यांना कुणाचा तरी फोन आला. हे गॅलरीत जाऊन बोलले. आत आले ते माझा मोबाइल हातात घेऊन. "केवढी काच फुटलीय याची! कंपनीजवळ एक चांगला माणूस आहे, त्याच्याकडे दुरुस्तीला टाकतो." ती काच वर्षभरापासून फुटलेली होती, मी पन्नासदा सांगून थकले होते. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, बघा, देवी पावली, नवऱ्याला माझा मोबाइल दिसला. निघताना मी त्यांना राजगिऱ्याचा लाडू दिला. त्यांनी तो खाल्ला नाही, खिशात टाकला.

त्या दिवशी आणि सातव्या माळेला मी तीनदा म्हटलं, तुमच्या फोनवरून येवल्याला लावून द्या. एकदा रेंज नव्हती. एकदा भाऊ उचलत नव्हता. एकदा हे म्हणाले, "आत्ताच झालं बोलणं, झोपल्यात त्या, शांत आहेत." शांत आहेत! खोटंही केवढं बेतून बोलावं माणसाने.

आठव्या माळेला सकाळी अकराच्या सुमारास एक गिऱ्हाईक आलं. राहायला नाशिकला आणि सासर येवल्याच्या आमच्याच गल्लीतलं, अशी ती बाई. मोरपंखी रंगाचं ब्लाऊज न्यायला आली होती. मी दार उघडलं. माझ्या अंगावर त्या दिवशीच्या रंगाची साडी, केसात शेवंतीची वेणी, हातात तेलाचा पळा. मला बघून ती दोन पावलं मागे सरकली.

"अगं बाई! तुम्ही इथे?"

"मग कुठे असणार? घट बसलेत."

"नाही, म्हणजे... येवल्याला नाही गेलात? मी परवा तिकडेच होते. मला वाटलं तुम्ही..." आणि तिने माझ्या केसातल्या वेणीकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "जाऊ द्या. ब्लाऊज नंतर नेते मी."

मागून अण्णांचा आवाज आला, "या ना, चहा घेऊन जा." पण ती जिना उतरूनसुद्धा गेली होती.

मी वळले. अण्णा खुर्चीतून अर्धे उठले होते. त्यांच्या तोंडावर जे होतं, त्यानंतर मला काही विचारायची गरज उरली नाही. तरी मी विचारलं, "कधी?"

"काय कधी? ती काय बोलली? काहीच बोलली नाही ती. पुरतं वाक्यसुद्धा केलं नाही. तू काही ऐकलेलं नाहीस." ते भराभर बोलत होते. "दोन दिवस राहिलेत फक्त. लेकीला तीन दिवसांचं सुतक, तेही कानावर पडल्यापासून. ऐकलं नाही तर सुतक नाही. शास्त्रच आहे तसं. तुझ्या भावालाही पटलंय. घट उठले की सगळं सांगणारच होतो आम्ही. तोवर तू ऐकलेलं नाहीस, समजलं?"

म्हणजे हे असं होतं. माझी आई सहाव्या माळेला पहाटे गेली. तिला नेलं, पेटवलं, आणि इकडे मी तिची लेक, केसात वेणी माळून, पिवळ्या-हिरव्या साड्या नेसून माळा चढवत होते. ज्यांना ज्यांना कळलं होतं, त्या सगळ्यांनी मिळून मला ते आठवू नये असा वर मागून घेतला होता. आणि मी लाडू दिला होता.

रडू आलं नाही. संताप आला, इतका की हातातला पळा कलला आणि तेल फरशीवर सांडलं. आणि त्याच क्षणी मला सुटकेचं दार दिसलं. त्यांचाच नियम होता.

"अण्णा, मी ऐकलं," मी म्हटलं.

"हळू बोल."

"मी ऐकलं!" मी आणखी मोठ्याने म्हटलं, खालच्या मजल्यावर ऐकू जावं इतक्या मोठ्याने. "माझी आई गेली, मी ऐकलं. मला सुतक लागलं. आता या दिव्याला मला हात लावता येत नाही. या खोलीत उभंसुद्धा राहता येत नाही."

केसातली वेणी काढून मी मशीनवर ठेवली. पळा त्यांच्या पायाशी ठेवला. मी पिशवीत दोन साड्या कोंबत होते, तेव्हा अण्णांनी विचारलं, अगदी लहान आवाजात, "तेल कुठे असतं?"

चाळीस वर्षं त्या घरात दर नवरात्रात अखंड दिवा जळत होता आणि त्या माणसाला तेलाचा डबा ठाऊक नव्हता. मी सांगितलं, "ओट्याखाली, डाव्या हाताला." आणि निघाले. कमानीखालून जाताना पाय अडखळतील असं वाटलं होतं. काही झालं नाही, मागून एक भाजीवाला हॉर्न वाजवत होता, म्हणून मी बाजूला झाले एवढंच.

निफाड, विंचूर, येवला. दोन-अडीच तासांचा तर रस्ता. सगळी वाट मी तेवढंच मोजत होते, दोन-अडीच तास.

पोचले तेव्हा सकाळीच राख सावडून झाली होती. आईची खाट अंगणात उभी करून ठेवलेली. भाऊ समोर आला आणि मान खाली घालून म्हणाला, "तुझ्याच घटांसाठी केलं गं." मी त्याच्याशी बोलले नाही. आजही पूर्वीसारखं बोलत नाही. आत वहिनी चुलीपाशी बसली होती. शेवटपर्यंत आईचं सगळं तिनेच केलं. मी तिच्या शेजारी टेकले आणि विचारलं, "माझी आठवण काढली का?"

वहिनी म्हणाली, "पाचव्या माळेपर्यंत काढत होत्या. दार वाजलं की, आली का, असं विचारायच्या. मग तुमच्या भावाने सांगितलं, की ती घटी बसलीय, तिला येता येत नाही. तर म्हणाल्या, 'बसलीय ना? मग उठवू नका तिला. मला तरी कुठे उठवलं होतं.'"

"म्हणजे?"

"तुम्हाला ठाऊक नाही?" वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "नांदगावच्या आजी गेल्या ना, तेव्हा घट बसलेले होते. मामंजींनी दसऱ्यापर्यंत कळू दिलं नाही. घट उठल्यावर सोनं देताना सांगितलं. मी लग्न होऊन आले त्या वर्षीच मला म्हणाल्या होत्या आई, पान हातात होतं तेव्हा कळलं."

मी मुठीत पान धरून भोकाड पसरायची आणि भाऊ हसत लोळायचा. आई समोर बसून ते बघायची. वर्षानुवर्षं बघायची. तिथे चुलीपाशी मला रडू आलं, ते मग थांबेना. आई मेल्याचं रडू आणि तो खेळ खेळल्याचं रडू, वेगवेगळं करताच येईना. आणि ती 'उठवू नका' म्हणाली, ते मला मोकळं करायला म्हणाली की रागाने म्हणाली, हे आता मला कोण सांगणार?

दसऱ्याच्या सकाळी घरी परतले तेव्हा दिवा जळत होता. अण्णांनी सांभाळला होता, दोन बोटं भाजून घेतली होती, पण सांभाळला होता. कुणाचं काही वाईट झालं नाही. मोबाइलला नवी काच बसवून तो मशीनवर ठेवलेला. हे एकदाच म्हणाले, "दोन दिवस गप्प राहिली असतीस तर काय बिघडलं असतं?" पुढच्या वर्षी अण्णांनी पाचव्या माळेला गोष्ट सांगितली नाही. मीही विचारलं नाही. दोन वर्षांनी ते गेले. घट मी अजून बसवते. का बसवते, हे विचारू नका, मला सांगता येणार नाही. बसवते.

गेल्या वर्षी लेकीचं लग्न झालं. सासर पुण्यालाच, शिकलेली माणसं, सासू बँकेत होती. या नवरात्रात पहिल्या माळेला तिचा व्हिडिओ कॉल आला. पिवळी साडी, कपाळावर मळवट, मागे नंदादीप. केवढी खूश! "आई, बघ ना! सासूबाईंनी यंदा माझ्या हातात दिले. मी घटी बसलेय!"

"छान दिसतेस," मी म्हटलं. मग तिला म्हटलं, "फोन जवळ ठेव."

"का गं? तुला बरं नाही का?"

"मला काही झालेलं नाही. नुसता जवळ ठेव. आणि नऊ दिवसांत कुणी कितीही प्रेमाने मागितला, तरी दुरुस्तीला देऊ नकोस."

"आई, काहीतरीच काय!" ती हसली. "नवा आहे माझा फोन."

मी तिला म्हटलं, "असू दे. तू बस खाली. तुला एक गोष्ट सांगायचीय."